डावीकडे चार सूत

१४ जानेवारी

आज हिला दवाखान्यातून घरी आणलं. गाडीवाल्याला मी इतक्यांदा 'हळू' म्हणालो की शेवटी तो म्हणाला, काका, याहून हळू हवं असेल तर उतरून ढकलावी लागेल. ही आत पडल्यापडल्या हसली आणि हसल्याबद्दल लगेच विव्हळली.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलंय की वर्षभर टिपण ठेवा, काय दुखतं, कशानं दुखतं, कशानं बरं वाटतं. ही म्हणाली, "तुम्ही लिहा. मला दुखायचं काम आहे." म्हणून ही वही. मी सुतार माणूस, लिहायची सवय मापांपुरती. पण हात रिकामा राहिला की माझं डोकं नको तिकडे जातं, तेव्हा लिहिलेलं बरं.

आधीची हकिकत थोडक्यात. हिच्या पाठीचा कणा वयात येतानाच वाकडा व्हायला लागला. वर उजवीकडे बाक, खाली डावीकडे. लग्नात तो पदराखाली झाकला जाईल एवढाच होता. पुढे वाढत गेला. हिचं बायकांचे केस कापायचं दुकान आहे, दिवसभर उभं राहायचं काम. गेल्या वर्षी डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, मग तर उभंच राहवेना. शेवटी ऑपरेशन. कण्याला दोन्ही बाजूंनी सळ्या, त्यांना स्क्रू. स्क्रूला आधी बारीक भोक पाडता का, असं मी विचारलं, तर डॉक्टरीणबाई हसून हो म्हणाल्या. सळ्या नुसतं धरून ठेवतात, हाडाला हाड चिकटायला वर्ष लागतं, असंही त्यांनी सांगितलं. ते मला लगेच पटलं. सरस वाळेपर्यंत क्लॅम्प सोडायचा नसतो.

खरं लिहायचं तर ऑपरेशन मला नको होतं. मी म्हणत होतो, जमवून घेऊ. एकोणीस वर्षं जमवलंच होतं. लग्नानंतर महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की ही खुर्चीत बसली की डाव्या बाजूला उशी कोंबते. मी काही विचारलं नाही. हिच्या मापाची एक खुर्ची केली, डावे दोन्ही पाय चार सूत जास्त. आमच्या धंद्यात आठ सूत म्हणजे एक इंच. ही बसली आणि म्हणाली, अगंबाई. बस, तेवढंच. मग ओट्यापुढे उभं राहायची फळी केली, दुकानातली फळी केली, पलंग केला. सगळं डावीकडे चार सूत वर. माझ्या घरातली हिच्या वापरातली एकही वस्तू पाणसळीत, म्हणजे एका पातळीत, नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

आता हिला एकच हवंय, दुकानात परत उभं राहायचं. तोवर दुकान माझी मेहुणी बघणार आहे.


१७ जानेवारी

वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. ताईंचे हे तीन नियम. अंथरुणातून उठताना अख्खं अंग एकदम वळवायचं, ओंडक्यासारखं. त्या हिला समजावत होत्या तर मी मध्येच म्हणालो, ओंडका कसा वळवायचा ते मला सांगू नका, ते मी हिला सांगतो. ही म्हणाली, "मला ओंडका म्हणणारा नवरा वीस वर्षांनी का होईना मिळाला."

सासूबाई राहायला आल्यात. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि बसायचं स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल. दुसऱ्याच्या घरी नीट बसायला मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.


२ फेब्रुवारी

हिला केस धुवायचे होते. पाठ ओली होऊ द्यायची नाही, वाकायचं नाही, म्हणजे आली का पंचाईत. मी एक घडवंची केली, डोक्यामागे टेकेल अशी पन्हळ केली, पाणी सरळ बादलीत. त्यावर मी फार खूश. पण पुढचं काम अवघड निघालं. आयुष्यात दुसऱ्याचं डोकं धुतलेलं नाही.

"रंधा मारताय का?" ही म्हणाली. मग डोळे मिटून शिकवत राहिली. नखं नाहीत, बोटांची पेरं. कपाळापासून मागे. कानामागे थांबा. पाणी आधी तुमच्या मनगटावर बघा. हिनं हजारो बायकांची डोकी धुतली असतील. हिचं कोणी धुतलं असेल, तर लहानपणी आईनं. माझी बोटं खरखरीत, मला सारखं वाटत होतं की ओरखडे उठतील. ही मध्येच बोलायची थांबली. मी घाबरून बघितलं तर झोप लागली होती.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना आवडलं असणार.


२० फेब्रुवारी

आज पहिल्यांदा ही आपल्या खुर्चीत बसली. मी खुर्ची पुसून, पॉलिश करून ठेवली होती. बसली आणि चेहरा बदलला. म्हणाली, उजवीकडे पडतेय असं वाटतंय.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घाबरू नका. इतकी वर्षं मेंदूनं वाकड्यालाच सरळ मानलं, आता खरं सरळ त्याला तिरकं वाटतं, शिकायला वेळ लागतो. हे ऐकून जीव भांड्यात पडला. उजव्या बाजूला उशी लावून दिली. डाव्या कमरेत कळ येते म्हणाली, तीही शिकण्यातलीच असेल.

ही उंच झाली आहे. आधी खांद्याला लागायची, आता हनुवटीला लागते. इतक्या वर्षांनी बायको वाढली, असं मी मेहुणीला सांगितलं. ती म्हणाली, भाऊजी, आता तुम्ही जपून, वरून बोलणी बसतील.


६ मार्च

सासूबाई आज आपल्या घरी गेल्या. जाण्याआधी एक काडी टाकून गेल्याच. काल दुपारी हिच्या खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमची ही खुर्ची माणसाला ढकलून देते. कशी काय बसते ही त्यात?" मी म्हटलं, ती तुमच्यासाठी केलेली नाही. त्या भाजी उचलून आत गेल्या. मी काल आणि आज जेवताना त्यांच्याशी फारसा बोललो नाही. ज्या खुर्चीत त्यांच्या लेकीची पाठ एकोणीस वर्षं टेकली, तिला नावं ठेवायची म्हणजे काय? त्यांना लाकडातलं काय कळतं.

जाताना स्टूल विसरून गेल्या. पोचतं करायला निघालो तर ही म्हणाली, राहू द्या, आई पुन्हा येईलच की.


२८ मार्च

वाईट दिवस. मी कारखान्यात होतो, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये. आत आलो तर ही स्वयंपाकघरात उभी राहून रडत होती. पायातली सपात निसटून ओट्याखाली गेली होती. वाकता येत नाही, पायानं ओढायला गेली तर आणखी आत. तेवढ्यावरून रडू. मी सपात काढून दिली, तरी थांबेना.

म्हणाली, लोकांच्या डोक्यावरून मी हात फिरवते आणि स्वतःच्या पायापर्यंत माझा हात पोचत नाही. वर्षभरानं पोचेल का हो? मी ताईंना विचारून ठेवलंय. पाठीचा तेवढा भाग आता एकच हाड, तो वाकणार नाही, कधीच नाही. गुडघ्यातून, खुब्यातून वाकायला शिकायचं. हे मी सांगितलं नाही. लांब दांड्याचा चिमटा करतो म्हणालो. ही म्हणाली, "करा. तुम्ही काही तरी केल्याशिवाय राहणार आहात का."

संध्याकाळी चिमटा तयार. तोंडाला चामडं लावलं, पकड चांगली. हिनं त्यानं आधी माझा कान धरला.


१९ एप्रिल

दवाखान्यात दाखवायला नेलं. फोटो काढला. डॉक्टरीणबाई खूश, सगळं जागच्या जागी आहे म्हणाल्या. मी फोटोकडे बघतच राहिलो. उभी सरळ ओळ आणि दोन्हीकडे स्क्रू, ओळंबा सोडून बसवल्यासारखे. दुसऱ्याचं काम इतकं नेटकं क्वचित बघायला मिळतं.

मग डाव्या कमरेत कळ का येते, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कधी येते? मी म्हटलं, बसल्यावर. बसणं कमी करा, चालणं वाढवा, म्हणाल्या. ही काही तरी बोलणार होती असं वाटलं, पण माझ्याकडे बघून गप्प बसली.

घरी येताना विचार केला. अंग बदललंय म्हणजे माप बदललं असणार. चार सूत आता पुरत नसतील. संध्याकाळीच डाव्या पायांखाली दोन सुताच्या चकत्या बसवल्या, शिसवीच्या, दिसायलाही शोभतात. हिला बोलावून बसवलं. विचारलं, आता बरं वाटतं ना? हिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हो म्हणाली. मला इतका आनंद झाला की जेवण दोन घास जास्तच गेलं.


११ जून

ही माझ्यापाशी बसत नाही.

लिहायला लाज वाटते, पण वहीत खरं लिहायचं ठरवलंय. संध्याकाळी मी बाकावर बसतो, समोर हिची खुर्ची, असं इतकी वर्षं चाललं. आता ही चहा घेऊन जिन्याच्या पायरीवर बसते. नाही तर आईच्या त्या स्टुलावर, तेही खिडकीशी. खुर्चीत ये म्हटलं की येते, थोडं बसते, मग "जरा उभी राहते" म्हणून उठते. दिवसा शेजारच्या बाईंकडे जाते आणि तिथं तास तास बसून येते. तिथं दुखत नाही का?

रागावली असेल. ऑपरेशनला मी आधी नको म्हणालो होतो, ते मनात धरलं असेल. किंवा आता सरळ झाली, उंच झाली, चार बायका येऊन किती छान दिसतेस म्हणून जातात, आणि मी आपला तोच, अंगाला भुसा लागलेला. असं काही बाही मनात येतं. येऊ नये, पण येतं.


७ जुलै

एका वकिलांच्या ऑफिसची खुर्ची तयार झाली. साधीच, हाताची, पाठ सरळ. उद्या न्यायला येणार. ही दुपारी चहा घेऊन शेडमध्ये आली. मी फळीला रंधा मारत होतो, हातातलं टाकता येईना, म्हणून ही त्या खुर्चीत टेकली. रंधा झाला, मागे बघतो तर ही गाढ झोपलेली. मान ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, चहा निवून गेलेला. शेडमध्ये एवढा आवाज, तरी जाग नाही.

दमली असेल बिचारी. मी करवत बाजूला ठेवली आणि हातानं कागद घासत बसलो. उठली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत म्हणाली, "ही विकायचीच का?" मी म्हटलं, अगं, गिऱ्हाइकाची आहे. आणि तुला काय कमी आहे, तुझी खास आहे की घरात. तर म्हणाली, हो, ते आहेच.


२२ ऑगस्ट

कळ जात नाही. उभं राहून स्वयंपाक केला तरी येते. फळीवर उभी असते तरी येते. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक, ताई म्हणतात सगळं ठीक. मला आता भीती वाटायला लागली आहे. आत एखादा स्क्रू ढिला झाला असेल आणि फोटोत दिसत नसेल तर? लाकडात असं होतं. वरून जोड पक्का दिसतो आणि आत सरस धरलेलाच नसतो.

मेहुणी आली होती. गिऱ्हाइकं रोज विचारतात म्हणाली, तुमच्या ताई कधी येणार. काही जणींनी केस वाढवून ठेवलेत, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. हिचा चेहरा उजळला. व्यायामवाल्या ताईंनी परवानगी दिली आहे, अर्धा दिवस, पण आधी एक पूर्ण डोकं कापून बघायचं. त्यात निभावलं तर दुकान.

नाही निभावलं तर काय, हे कोणी बोललं नाही. मी उद्यापासून दुकानासाठी नवी फळी करायला घेतो. सहा सूत. सागाची.


९ सप्टेंबर

आज दुकान बंद असतं तो वार. डोकं माझं ठरलं होतं. मेहुणी म्हणाली, भाऊजींच्या डोक्यावर चुकलं तरी कुणाला कळायचं नाही. ती मागच्या खोलीत टॉवेल वाळत घालत होती, दुकानात आम्ही दोघंच.

नवी फळी मी आरशासमोरच्या खुर्चीमागे बसवली. हिनं फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चढली. माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी मारलं, कंगवा घातला. कात्री सुरू झाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं. हिच्या कात्रीचा एक ताल आहे, तो किती महिन्यांत कानावर पडला नव्हता. सुरुवातीला ही बोलतही होती. किती पिकलात, कोणी कापले होते हे मागच्या वेळी, गवत कापतात तसे.

मग बोलणं थांबलं. मग कात्री अडखळायला लागली. हिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि त्यावर भार पडला. आरशात बघतो तर ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मी विचारलं दुखतंय का, तर मान हलवू नका म्हणाली. पण कात्री थांबलीच.

तेव्हा जे इतके महिने पोटात होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "फसलं ना ऑपरेशन? फसलंच. मला माहीत होतं. जाऊ दे, दुकान बहिणीला दे. तू घरी बस. मी आहे ना, मी सगळं करून देतो."

लाकूड घासल्याचा आवाज आला. ही फळीवरून खाली उतरली होती आणि पायानं ती फळी ढकलत भिंतीपाशी नेत होती. परत आली, फरशीवर उभी राहिली, कात्री उचलली.

"ऑपरेशन फसलेलं नाही," ही म्हणाली. "तुमची फळी वाकडी आहे."

मी वळायला गेलो. हिनं दोन्ही हातांनी माझं डोकं धरून आरशाकडे केलं. "हलू नका. कान जाईल. फळी वाकडी आहे. खुर्ची वाकडी आहे, पलंग वाकडा आहे, ओट्यापुढची फळीसुद्धा. मी सरळ झालेय, अहो. घर वाकडं राहिलंय."

मला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं. ओंडका वळवायचा मी शिकवणार होतो. स्क्रूच्या भोकाचं मी विचारलं होतं. आणि सरळ माणसाला मी आधी चार सूत आणि वर आणखी दोन सूत तिरकं बसवत होतो. महिनोन् महिने.

केव्हा कळलं तुला, असं मी विचारलं. हिनं कापता कापता सांगितलं. आधी हिलाही वाटत होतं की मेंदूचंच आहे. आई आपल्या घरी गेल्यावर एकदा तिच्या स्टुलावर बसली आणि कळ आलीच नाही. मग पायरीवर बसून बघितलं, शेजारी बसून बघितलं. वकिलांच्या खुर्चीत तर झोपच लागली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

कात्री थांबली नाही. "आई एक वाक्य बोलली तर तुम्ही दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाहीत. मी सांगणारच होते, त्या दिवशी दवाखान्यात सांगणार होते. तर घरी येऊन तुम्ही चकत्या लावल्यात आणि विचारलंत, आता बरं वाटतं ना. तो चेहरा बघून कोण बोलणार?" मग कंगवा फिरवत म्हणाली, "माझ्या घरी मला कधी कुणी विचारलं नव्हतं कुठं दुखतं म्हणून. पाठ सरळ कर, एवढंच म्हणायचे. तुम्ही न विचारता खुर्ची केलीत. ती खुर्ची टोचते, असं कुठल्या तोंडानं सांगू मी? पण ऑपरेशन फसलं म्हणालात, दुकान सोड म्हणालात. आता मला गप्प बसता येईना."

मी डोळ्यांत केस गेले म्हणालो. हिनं ब्रशनं माझा चेहरा झटकला, एकदा आणि परत एकदा.

पुढचं सगळं डोकं हिनं फरशीवर उभं राहून कापलं. कानामागची रेघ, मानेवरचा वस्तरा, सगळं. कळ आली नाही. मी आरशात हिच्याकडे बघत होतो. हिचे खांदे मी ऑपरेशननंतर समोरून असे बघितलेच नव्हते. मी नेहमी बाजूला असायचो, आधार द्यायला.


१० सप्टेंबर

सकाळपासून हिच्याशी बोललो नाही. हिच्यावर राग नव्हता, स्वतःवरच होता, पण तो घरात कुठं तरी ठेवावा लागतो ना. दुसऱ्याच्या दारात एक सूत फरक असला तर मला लांबून दिसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी खुर्ची शेडमध्ये नेली. चकत्या काढल्या, ते सोपं होतं. डाव्या पायांवर चार सुतांची खूण केली, करवत हातात घेतली आणि हात चालेना. हे लाकूड मी नवा नवरा असताना निवडलं होतं. तेव्हा माझ्याकडे धड हत्यारंही नव्हती.

ही दारात येऊन उभी राहिली. "मी कापू का? कापायचं काम मलाही येतं."

मी कापलं. दोन पाय, दोन तुकडे. पाणसळ ठेवून बघितली आणि खुर्ची घरात नेऊन होती तिथं ठेवली. ही बसली. बरं वाटतं का, असं मी विचारलं नाही. चहा संपला, कप खाली ठेवला, तरी उठली नाही. मग मला म्हणाली की बाकावर बसा ना, उभे काय राहिलात.


१८ सप्टेंबर

पलंग झाला. ओट्यापुढची फळी काढूनच टाकली, तिथं आता नुसती फरशी. ही गुडघ्यातून खाली बसायला शिकली आहे, खालच्या कप्प्यातलं पातेलं स्वतः काढते. मोजेही लांब दांड्याच्या चिमट्यानं स्वतः घालते. सासूबाईंना मी फोन केला आणि खुर्चीचं तुमचं बरोबर होतं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, मला ते तेव्हाच माहीत होतं. यापलीकडे त्यांनी ताणलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

घर पाणसळीत आहे. मला आनंद व्हायला हवा, आणि आहे. हिला कळ नाही, हिची झोप गाढ आहे, यापेक्षा काय पाहिजे? तरी संध्याकाळी शेड बंद करून आत येतो आणि हात कुठे ठेवावेत कळत नाही. एकोणीस वर्षं हिच्यासाठी काही ना काही करायचं असायचं. आता हिला आपलं आपण सगळं येतं. हे असं वाटणं चांगलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो आणि विषय बंद करतो.


१ ऑक्टोबर

दुकान उघडलं. सकाळी हिला सोडायला गेलो, ही रिक्षातून एकटी उतरली, शटर बहिणीला उचलायला लावलं आणि मागे न बघता आत गेली. मी परत येऊन कामाला लागलो. काम कसलं, एकच फळी घासत बसलो होतो.

थोड्या वेळानं हिचा फोन. "टेप घेऊन या."

गेलो तर दुकान भरलेलं. बाकावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, एक मुलगी दारात उभी. ही फरशीवर उभी होती, ताठ, हातात कात्री, चेहऱ्यावर दमणूक आणि तरी खुशी. मला मागे बेसिनपाशी घेऊन गेली. म्हणाली, सगळी डोकी बहीण धुतेय. मला वाकता येत नाही आणि पुढेही येणार नाही, हे मला माहीत आहे, तुम्ही सांगितलं नाहीत तरी. पण धुतल्याशिवाय मला डोकं कळत नाही, ते मी दुसऱ्याला देणार नाही. हे बेसिन वर घ्या. धुवायची खुर्ची त्या बेतानं उंच करा. कात्र्यांची फळी माझ्या हाताला आणा.

मी म्हटलं, होऊन जाईल, तुझं माप मला तोंडपाठ आहे.

"ते जुनं," ही म्हणाली. "नव्यानं घ्या."

आणि सगळ्या बायकांसमोर दोन्ही हात कोपरात दुमडून उभी राहिली. मी गुडघ्यावर बसलो. टेपचं टोक पायापाशी धरलं, डावं कोपर मोजलं. मग उजवं मोजलं. मग परत डावं. एकोणीस वर्षांत हिचं माप घ्यायची वेळच आली नव्हती, मी धरूनच चाललो होतो.

"किती आलं?" हिनं वरून विचारलं.

"सरळ आहे," मी म्हटलं. "डावीकडे फक्त एक सूत कमी."

"एक सूत," ही म्हणाली. मग खाली वाकता येत नाही म्हणून नुसता हात खाली आणून माझ्या डोक्यावर ठेवला. "तेवढं तुमच्यासाठी ठेवलंय."

मला टेपवरचे आकडे दिसेनात. बाकावरच्या बायका बघत होत्या, मेहुणी नळ सोडून बघत होती. मी उगीचच परत एकदा उजवं कोपर मोजायला लागलो. त्यानंतर डावं.

"अहो, उठा आता," ही म्हणाली. "गिऱ्हाइकं थांबलीत."